लग्नाचा वाढदिवस, एशियन फ्यूजन आणि कॉकटेल : ऑर्डर एकदम देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातलं जोडपं, लग्नाचा पहिला वाढदिवस. लोअर परळच्या एका महागड्या एशियन फ्यूजन कॉकटेल रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं ठरलंय आणि अशा ठिकाणी दोघंही पहिल्यांदाच जातायत. प्रश्न विचारणारे मासे-चिकन खातात. त्यांची बायको शाकाहारी आहे, पण तिला कॉकटेल घेऊन बघायचंय. गाडी ते चालवणार. खर्च दहा हजारांच्या आत हवा. मेनू मोबाइलवर पाहिला तर अर्धी नावं डोक्यावरून गेली. काय मागवायचं, कसं मागवायचं आणि तिथली पद्धत माहीत नाही म्हणून अवघडल्यासारखं होऊ नये यासाठी काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी मुंबईतल्या अशाच रेस्टॉरंटमध्ये आधी बारच्या मागे आणि नंतर फ्लोअरवर बरीच वर्षं काम केलंय. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. पदार्थ चुकला म्हणून दोघांच्या टेबलाची संध्याकाळ बिघडली, असं फार क्वचित होतं. सगळं एकदम मागवलं की ती हमखास बिघडते.

याचं कारण किचनमध्ये आहे. एशियन किचनमध्ये सुशीचा, म्हणजे जपानी भात-माशाच्या घासांचा, काउंटर वेगळा, डिमसमची, म्हणजे मोदकासारखं सारण भरून वाफवलेल्या डंपलिंगची, जागा वेगळी, वोकवरचा, म्हणजे मोठ्या आचेवरच्या खोलगट कढईवरचा, माणूस वेगळा, तळणीचा आणि कोळशाच्या ग्रिलचा आणखी वेगळा. तुमची ऑर्डर मशीनमध्ये टाकली की केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, एकाच वेळी या सगळ्यांकडे निघते आणि ज्याचं आधी होईल तो आधी पाठवतो. वोकवरचा पदार्थ चार-पाच मिनिटांत होतो. सुशीच्या काउंटरवर मात्र आधीच्या टेबलांच्या चिठ्ठ्या लटकत असतात. मग करी-भात आधी येतो आणि जे थंड, हलकं सुरुवातीला खायचं ते पोट भरल्यावर समोर येतं. त्यात दोघांचं टेबल लहान. पाच प्लेटा, दोन ग्लास, सॉसच्या वाट्या आणि मेणबत्ती एवढं झालं की बोलणं राहतं बाजूला आणि 'हे इकडे सरकव, ते थंड होतंय' एवढंच उरतं.

म्हणून ऑर्डर तीन वेळा द्या. आधी ड्रिंक्स आणि एक-दोन थंड पदार्थ. ते निम्मे संपले की डिमसम किंवा गरम छोट्या प्लेटा. मग थोडा वेळ जाऊ द्या आणि भूक किती उरली ते बघून मेन कोर्स. पहिल्याच वेळी कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या वरिष्ठ वेटरला, सांगून ठेवा, 'आम्हाला घाई नाही, एकेक करून मागवतो, मेनूकार्ड इथेच राहू द्या.' असं सांगणारं टेबल स्टाफला आवडतं. काही ठिकाणी सगळी ऑर्डर सुरुवातीलाच द्यायचा आग्रह होतो. तेव्हा 'ऑर्डर घ्या, पण मेन कोर्स आम्ही सांगितल्यावर फायर करा' असं म्हणा. फायर, म्हणजे 'आता करायला घ्या', हा किचनमधला रोजचा शब्द आहे, तो ऐकला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता बुकिंग. फोन करूनच करा, कारण ॲपवर टेबल मिळतं पण कुठलं ते ठरवता येत नाही. साडेसात-आठची वेळ घ्या. साडेनऊनंतर अशा जागांत दिवे मंद होतात, संगीताचा आवाज चढतो आणि समोरच्याशी बोलायला टेबलावर वाकावं लागतं. शुक्रवार-शनिवार टाळता आला तर उत्तमच. मंगळवारी किंवा बुधवारी तोच शेफ, तोच बारटेंडर आणि निम्मी गर्दी. टेबल भिंतीकडचं किंवा कोपऱ्यातलं मागा. किचनच्या दारापासून, डीजेच्या स्पीकरपासून आणि एसीच्या थेट झोतापासून लांब. आणखी दोन गोष्टी फोनवरच सांगा. एक, वहिनी पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडं चालतं की नाही. दुसरी, वाढदिवसाची प्लेट हवी की नको. तुम्ही 'ॲनिव्हर्सरी' म्हणालात की बहुतेक ठिकाणी चॉकलेटने नाव लिहिलेली प्लेट आणि मेणबत्ती येते, काही ठिकाणी चार जण टाळ्या वाजवत गाणंही म्हणतात. ज्यांना आवडतं त्यांना ते मनापासून आवडतं, पण लाजऱ्या माणसाला नकोसं होतं. गाणं नको असेल तर आधीच सांगा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. पुरुषांनी चप्पल आणि हाफपँट टाळायची, एवढाच नियम बहुतेक जागी असतो. साडी नेसून येणारी मंडळी खूप असतात आणि छान दिसतात. परफ्यूम मात्र बेताचा लावा. युझूसारख्या लिंबवर्गीय फळाचा किंवा शिसोच्या पानाचा वास इतका नाजूक असतो की तुमच्या मनगटावरचं अत्तर त्याला सहज झाकून टाकतं.

मेनू कळला नाही यात तुमचं काही कमी नाही, कारण तो कुठल्याच एका देशाचा नसतो. या पठडीतला सगळ्यात प्रसिद्ध शेफ म्हणजे नोबू मात्सुहिसा. हा जपानी माणूस १९७३ मध्ये पेरूच्या लिमा शहरात गेला. तिथल्या मिरच्या, लिंबू आणि कोथिंबीर त्याने जपानी पद्धतीच्या कच्च्या माशाशी जुळवली, १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला रेस्टॉरंट काढलं आणि तिथून ही चव जगभर गेली. आज मुंबईत हिरव्या मिरचीच्या चकतीसह कच्च्या हमाची माशाच्या पातळ कापा समोर येतात, त्या त्याच घराण्यातल्या. आणि अशी सरमिसळ करण्यात मुंबईही मागे नाही. चिकन मंच्युरियन नेल्सन वँग यांनी इथेच, १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये केलं असं सगळे मानतात. त्यामुळे 'हे अस्सल जपानी आहे का' असं विचारू नका, त्याने काही हाती लागत नाही. 'यात आंबट काय आहे, तिखट काय आहे, जड आहे का' असं विचारा. मिसळणीला कारण असलं की पदार्थ जमतो. तेलकट माशावर युझूचा आंबटपणा, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या, खारटपणाला थोडं लोणी, हे पटतं. सगळ्यावर ट्रफल तेल, म्हणजे तीव्र वासाच्या एका महागड्या अळंबीच्या नावाचं तेल, शिंपडणं मला पटत नाही. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलाला प्रयोगशाळेत केलेला वास असतो आणि तो जिभेवरून लवकर हलत नाही. ट्रफल आणि एदामामेचं (कोवळ्या सोयाबीनचं) डंपलिंग मुंबईत प्रचंड खपतं, तुम्हालाही आवडेल कदाचित. फक्त ते सुशीच्या आधी खाऊ नका. नंतरच्या सुशीची चवच लागणार नाही.

कॉकटेलकडे येतो, कारण खरी काळजी इथे घ्यायची आहे. कायदा आधी. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, पण व्होडका, जिन, व्हिस्की, रम असल्या दारूसाठी २५. कॉकटेल यातच मोडतं. वहिनींचं वय त्याच्या अलीकडे असेल तर त्यांच्यासाठी वाइन बघा. ओळखपत्र जवळ ठेवा आणि मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. परवान्याची टांगती तलवार रेस्टॉरंटवर असते.

पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाने कार्डावरचं सगळ्यात सुंदर नाव निवडू नये. बारटेंडरला बोलवा आणि तीन गोष्टी सांगा : आंबट आवडतं की गोड, सोडा चालतो का, आणि कुठली चव अजिबात नको. 'तुमच्या मनाने काहीतरी द्या' यापेक्षा एवढी माहिती त्याला कितीतरी उपयोगी पडते. माझ्या मते सुरुवात उंच ग्लासातल्या, सोडा घातलेल्या हलक्या ड्रिंकने करावी. जिन, युझू किंवा साधं लिंबू, गवती चहा, वर सोडा. गवती चहा म्हणजे मेनूवरचं लेमनग्रास, तुमच्या चहात पडतो तोच. नेग्रोनीसारखं कडू ड्रिंक पहिल्या खेपेला नको, लाँग आयलंड आइस टी तर नकोच. त्यात चार-पाच प्रकारची दारू असते आणि चवीला ते कोलासारखं लागतं. लिची मार्टिनीबद्दल खास सांगतो. ती गोड, सुगंधी, पटकन संपणारी. तिच्यातली दारू जाणवतच नाही. साधारण कॉकटेलमध्ये ४५ ते ६० मिली दारू असते, म्हणजे दीड छोट्या पेगपासून एका मोठ्या पेगपर्यंत. वहिनींना सवय नाही, तर संध्याकाळभरात दोन पुरे, आणि प्रत्येक घोटासोबत पाणी.

बर्फाशिवाय, निमुळत्या दांड्याच्या ग्लासात येणारं ड्रिंक दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं असतं. बारटेंडर ते बर्फात घुसळून गार करतो आणि त्या घुसळण्यात नेमकं जेवढं पाणी हवं तेवढंच सुटू देतो. गार असेपर्यंत ते समतोल असतं. कोमट झालं की गोडवा आणि दारू वेगवेगळी लागायला लागते. सावकाश गप्पा मारत प्यायचं असेल तर मोठ्या बर्फाच्या ठोकळ्यावरचं मागवा. वर धुराचा बुडबुडा असेल तर फोटो काढा, फोडा आणि वास घ्या. वासापलीकडे त्यात काही नसतं. आंबट कॉकटेलवर जाड पांढरा फेस दिसला तर तो बहुतेक वेळा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. अंडं चालत नसेल तर ते आधी विचारा, अंड्याशिवायही फेस करता येतो.

तिखट खाण्यासोबत कडक दारू घेऊ नका. मिरचीची आग दारूने वाढते, सोड्याच्या बुडबुड्यांनीही वाढते. शेझवान पदार्थ मागवायचा असेल तर त्याच्यासोबतचं ड्रिंक थोडं गोडसर आणि कमी दारूचं असावं. खऱ्या शेझवान मिरीने जीभ झिणझिणते, बधिर होते. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ खाल्लं असेल तर ही झिणझिण तुमच्या ओळखीची आहे; ती मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. बधिर जिभेला नाजूक चव कळत नाही, त्यामुळे असला पदार्थ शेवटाकडे ठेवा.

तुमचं स्वतःचं ड्रिंक. वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'एकच घेतो' हा हिशेब मांडू नका. गाडी आणायचीच असेल तर पूर्ण कोरडे राहा. तसं राहिलात म्हणून काही हुकत नाही. निळ्या सिरपचं मॉकटेल मात्र घेऊ नका. बारटेंडरला सांगा, 'बायकोने घेतलंय तसंच, दारूशिवाय, साखर कमी.' चांगला बार जास्मिन चहा, कोकम, आलं, व्हिनेगरमध्ये मुरवलेली फळं वापरून असं ड्रिंक करतो की ते पिताना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, आणि ग्लासही तसाच देखणा येतो. त्याहून बरं म्हणजे गाडी घरीच ठेवा. ठाण्याहून स्लो लोकलने करी रोडला उतरलात की लोअर परळची बरीच रेस्टॉरंट जवळ आहेत. येताना टॅक्सी करा.

शाकाहाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच होते. मेनूवर हिरवा ठिपका असला तरी विचारा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी. ते साधारणपणे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, तेंपुराबरोबरची, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या जपानी भज्यांबरोबरची, बुडवायची आमटी, काही सॅलडांची ड्रेसिंग, सगळ्यात ते असू शकतं. थायी करीच्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असते. सोमटमसारख्या कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये फिश सॉस, भाज्यांच्या स्टर फ्रायमध्ये ऑयस्टर (कालवांचा) सॉस, किमची नावाच्या कोरियन आंबवलेल्या कोबीत फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. मुंबईची किचन याबाबतीत देशात सगळ्यात तयार म्हणावी लागतील. इथे जैन मेनूही मिळतो आणि शाकाहारी वाटण बहुतेक जागी वेगळं ठेवलेलं असतं. पण 'व्हेज आहे ना?' या प्रश्नाला घाईत 'हो सर' असंच उत्तर येतं. नेमकं विचारा : 'दाशी, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, यातलं काही आहे का? तळणीचं तेल वेगळं आहे का?' असा प्रश्न आला की कॅप्टन स्वतः आत जाऊन विचारून येतो. बारलाही हाच नियम लावा. ब्लडी मेरीत जाणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो.

वहिनींसाठी पदार्थ भरपूर आहेत. सुरुवातीला एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. शेंग तोंडात धरून दाणे ओढून घ्यायचे, साल टाकायचं. मग ॲव्होकाडो किंवा शतावरीच्या तेंपुराचा रोल, वॉटर चेस्टनटचे पारदर्शक डंपलिंग, मिसो लावून भाजलेलं वांगं. हे शेवटचं मिळालं तर सोडू नका. आपल्याकडच्या माणसाला वांगं कळतं, आणि मिसोने त्याला जी गोड-खारट खोली येते ती पहिल्या घासात पटते.

डिमसमची एक गोष्ट लक्षात असू द्या. पारदर्शक आवरण गव्हाच्या आणि टॅपिओकाच्या स्टार्चचं असतं. वाफेतून आल्या आल्या ते काचेसारखं आणि लुसलुशीत असतं. दोन-तीन मिनिटांत चिकट होतं, मग टणक. करंडीचं झाकण उघडा, एक फोटो काढा आणि खायला घ्या. करंडीत तीन डंपलिंग येत असतील तर कॅप्टनला 'चार करून देता येतील का' असं विचारा, बऱ्याच जागी होतं.

सुशी तुमच्यासाठी. कच्चा मासा म्हणून घाबरू नका. सुशीतला सामन मासा बहुधा नॉर्वेचा असतो, आणि परजीवी मरावेत म्हणून कच्ची खायची मासळी आधी अतिथंड गोठवण्याची पद्धत रूढ आहे. पावसाळ्यातल्या आपल्या मासेमारी बंदीचा या सामनशी संबंध नसतो. भाताच्या मुटक्यावर मासा असलेली निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, जपानातही खातात. उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला किंचित टेकवायची. भाताची बाजू बुडवली तर भात सॉस पितो आणि सुटतो. एका घासात तोंडात घालायची. आल्याच्या गुलाबी कापा दोन वेगळ्या माशांच्या मध्ये खायच्या, सुशीवर ठेवायच्या नसतात. सोबतचा वसाबीचा हिरवा गोळा बहुतेक जागी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा असतो. नाकात जातो, जपून घ्या. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागा, कुणी वळूनही बघत नाही. फक्त त्या भातात उभ्या खोचून ठेवू नका. जपानमध्ये मृतासमोर ठेवलेल्या भातात तशा खोचतात.

खर्चाचा अंदाज. अशा जागी कॉकटेल ९०० च्या आसपास, मॉकटेल ५००, एदामामे ५००, डिमसमची करंडी ८००, सुशी रोल ११००, एक छोटी गरम प्लेट ९००, दोघांत एक शाकाहारी करी ११००, भात ६००, गोड ६५०. वहिनींची दोन कॉकटेल धरून आठ हजारांच्या थोडं आत. त्यावर खाण्याला पाच टक्के जीएसटी. पण ७५०० च्या वर खोलीभाडं असलेल्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर अठरा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. सगळं मिळून दहा हजारांत बसतं. पाणी विचारतील तेव्हा 'साधं फिल्टरचं' म्हणा, नाहीतर बाटल्यांचे पाचशे-सातशे सहज चढतात. सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. सेवा आवडली असेल तर ज्याने टेबल सांभाळलं त्याच्या हातात रोख टिप द्या.

गोड एकच मागवा, दोन चमचे. उरलेला भात किंवा करी खुशाल बांधून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, आम्ही रोज बांधून देतो. सुशी मात्र नेऊ नका. लोअर परळ ते ठाणे या प्रवासात आणि मुंबईच्या उकाड्यात कच्चा मासा टिकत नाही. रोलचे दोन तुकडे उरले असतील तर तिथेच संपवा.